जानेवारीत इटलीची तळी आणि डोलोमाइट्स, स्वतः गाडी चालवत: जमेल, पण नकाशा बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत दहा दिवस, मिलानला उतरून गाडी भाड्याने घ्यायची. मग कोमो, तिथून स्टेल्विओ घाट चढून बोल्झानो, डोलोमाइट्समधले तीन-चार घाट, ब्राइएसचं तळं, कोर्तिना, गार्दा आणि परत मिलान. चालवणारे दोघं, सोबत सत्तरीच्या आसपासचे आई-बाबा. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. बर्फात गाडी कधी चालवलेली नाही, पण आंबोली, ताम्हिणी, वरंधा हे घाट हाताखालचे आहेत.

जमेल. मात्र तुम्ही आखलेला मार्ग जून-जुलैचा आहे. उन्हाळ्यात घाटावरून घाटावर असा गोल मारत जायचं असतं. थंडीत दरी धरून आत जायचं, तिथे मुक्काम ठोकायचा आणि त्याच दरीने बाहेर पडायचं. मी लोम्बार्दीत राहतो, हिवाळ्यात पाहुण्यांना घेऊन या रस्त्यांवर फिरणं हे माझं कामच आहे, आणि आपल्याकडून आलेल्या मंडळींचे बेत याच एका मुद्द्यावर कोसळताना पाहतो.

आधी स्टेल्विओचा विषय संपवू. घाटमाथा २,७५७ मीटरवर आहे. साधारण नोव्हेंबरमध्ये रस्ता बंद होतो तो मे संपता संपता उघडतो. यंदा बर्फ कमी पडला तर जाता येईल का, हा प्रश्नच नाही. खाली फाटक लावलेलं असतं. शेजारचा गावियाही तसाच. घरी बसून सप्टेंबरात मोबाईलवर मार्ग पाहिलात तर दोन्ही छान निळ्या रेघेत दिसतात, म्हणून फसगत होते. सेल्ला, पोर्दोई, गार्देना, फाल्झारेगो हे डोलोमाइट्समधले घाट मात्र २,१०० ते २,२५० मीटरचे असूनही हिवाळ्यात सहसा चालू ठेवतात, कारण स्कीवाल्यांचा धंदा त्यांवर चालतो. पण रात्री जोरात बर्फ पडला किंवा वरून हिमकडा सुटायचा धोका असला की तेही तासाभरात बंद होतात. घाटाच्या पायथ्याशी फलक असतो. त्यावर 'आपेर्तो' म्हणजे चालू, 'क्यूझो' म्हणजे बंद. हे घाट बेताचा कणा करू नका. हवा निवळली, रस्ता कोरडा दिसला, तर दुपारी वर जाऊन यायचं, एवढंच त्यांचं स्थान.

आता किलोमीटर बाजूला ठेवा आणि उन्हाचे तास मोजा. जानेवारीच्या सुरुवातीला मिलानला सूर्य ८ च्या सुमारास उगवतो आणि ५ च्या आत मावळतो. हे झालं सपाटीवर. दरीत तो डोंगराआडून उशिरा येतो आणि दुपारीच जातो. दोमोदोस्सोलाजवळ विगानेल्ला नावाचं गाव आहे. ११ नोव्हेंबर ते २ फेब्रुवारी तिथे ऊन पडतच नाही. शेवटी २००६ साली गावकऱ्यांनी समोरच्या डोंगरावर ८ मीटर बाय ५ मीटरचा आरसा बसवून चौकात ऊन पाडून घेतलं. हॉटेल निवडताना हा हिशोब डोक्यात हवा, विशेषतः आई-बाबा बरोबर असताना. कोमो तळ्याच्या पूर्व काठावरचं वारेन्ना फोटोत फार देखणं, पण पाठीशी २,४१० मीटरचा ग्रिन्या उभा, त्यामुळे सकाळ सावलीत जाते आणि ऊन दुपारी मिळतं. समोरच्या काठावर, मेनाज्जिओ-त्रेमेत्झोला, याच्या उलट. आई-बाबांना सकाळी चहाबरोबर ऊन हवं असेल तर पश्चिम काठ. गाडी कमी चालवायची असेल तर वारेन्ना, कारण तिथे रेल्वे स्टेशन आहे. तुमच्यासाठी मी वारेन्नाच म्हणेन. कारण पुढे येतं.

माझा आराखडा असा. पहिल्या तीन रात्री वारेन्ना किंवा लेक्को, मग दोन रात्री गार्दा, मग चार रात्री बोल्झानो किंवा त्याच्या वरचं रेनोन पठार, आणि शेवटची रात्र मिलान विमानतळाजवळ. कोर्तिना गाळा. १९५६ आणि २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकचं गाव म्हणून नाव मोठं, दर त्याहून मोठे, आणि स्की न करणाऱ्या चौघांना तिथे दुकानांच्या काचांपलीकडे फारसं काही नाही.

कोमोला उतरल्यावर लक्षात येईल की काठावर बर्फ जवळजवळ नसतोच. तळं जेमतेम २०० मीटर उंचीवर आहे, ४०० मीटरहून खोल आहे, आणि एवढं पाणी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतं. बर्फ असतो तो डोंगरमाथ्यांवर. त्यामुळे इथे बर्फात गाडी चालवायची भीती नको. भीती हवी ती बंद दारांची. बेलाज्जिओत नोव्हेंबर ते मार्च बरीचशी हॉटेलं, खानावळी कुलूप लावून बसतात, प्रसिद्ध व्हिलाही मिटलेल्या असतात. कोमो आणि लेक्को ही माणसांची नांदती शहरं आहेत, तिथे असा प्रश्न येत नाही. वारेन्ना, बेलाज्जिओ, मेनाज्जिओ यांच्यामध्ये गाडी नेणारी फेरीबोट वर्षभर चालते, फेऱ्या तेवढ्या कमी होतात. तिच्यातून एकदा तळं ओलांडा. पश्चिम काठाचा जुना रस्ता काही ठिकाणी इतका अरुंद आहे की समोरून बस आली तर आरसे मिटावे लागतात. पूर्वेकडच्या लेक्को-कॉलिको रस्त्याला बोगदेच बोगदे; वेळ वाचतो, तळं दिसत नाही.

वारेन्ना का, तर तिथून तिरानोची रेल्वे थेट मिळते. स्टेल्विओच्या बदल्यात मी तुम्हाला हे देतोय. तिरानोहून लाल बेर्निना रेल्वे स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झपर्यंत जाते, २,२५० मीटरच्या वरून, थंडीतही रोज. २००८ पासून हा मार्ग जागतिक वारसा यादीत आहे. ब्रूझिओला गाडी दगडी कमानींवरून पूर्ण गोल फिरून स्वतःच्याच रुळांखालून जाते. मोठ्या काचांच्या पर्यटक डब्यांचं आरक्षण महाग पडतं. त्याच रुळांवर साधी लोकल धावते, तिच्या बऱ्याच खिडक्या उघडतात आणि फोटोला काचेचा अडथळा येत नाही. पासपोर्ट बरोबर ठेवा. बर्फ बघायचा, घाट चढायचा, आणि स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात; आई-बाबा मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसण्यापेक्षा हे बरं.

आता गाडी. इथे थोडं थांबतो, कारण भाड्याच्या काउंटरवर दहा मिनिटं जास्त घालवलीत की पुढचे दहा दिवस निभावतात.

इटलीत १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बहुतेक महामार्गांवर आणि डोंगरी रस्त्यांवर हिवाळी टायर तरी हवेत किंवा गाडीत चेन (बर्फात चाकांना चढवायची साखळी) तरी हवी. तसा फलक रस्त्याच्या सुरुवातीला असतो. आता गोम अशी की कायदा 'किंवा' म्हणतो. त्यामुळे काही कंपन्या साधे टायर आणि डिकीत चेनची पेटी देऊन मोकळ्या होतात. तुम्हाला टायरच हवेत. टायरच्या कडेला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र आहे का ते स्वतः वाकून बघा. नुसती 'एम अधिक एस' (चिखल आणि बर्फ) ही अक्षरं कायद्याला पुरतात, उतारावरच्या बर्फाला पुरतीलच असं नाही. मिलानमधून दिलेल्या गाडीला असे टायर असतीलच हे गृहीत धरू नका. आरक्षण करतानाच लेखी मागा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना इतके रुंद टायर असतात की चाक आणि सस्पेन्शनमध्ये चेन बसायला जागाच उरत नाही. गाडीच्या पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. अशा गाडीबरोबर दिलेली चेन म्हणजे डिकीतलं ओझं. 'फुकटात मोठी एसयूव्ही देतो' म्हणाले तर हुरळून जाऊ नका. लहान चाकांची, पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅक किंवा स्टेशन वॅगन चांगली. चारही चाकांना जोर मिळणारी गाडी चढताना मदत करते, थांबताना अजिबात नाही. आणि घाटात माणसं अडकतात ती थांबता न आल्यामुळे.

चेन लावायचा सराव विमानतळाच्या कोरड्या पार्किंगमध्येच करून घ्या. ती गाडी ज्या चाकांवर चालते त्यांनाच लावायची. चेनमधलं लवचिक कडं चाकाच्या मागून सरकवायचं, दोन्ही टोकं टायरच्या वर आणून जोडायची, कडं आतल्या बाजूला नीट ढकलायचं, मग बाहेरची साखळी ओढून ताणायची. टोकांना बहुतेक वेळा वेगवेगळे रंग असतात, ते याचसाठी. पन्नास-शंभर मीटर गाडी चालवून उतरायचं आणि ढिली झालेली साखळी पुन्हा ताणायची. हा टप्पा विसरला की ती चाकाच्या कमानीवर आपटत राहते. वेग ५० च्या आत. भांडी घासायचे रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली घालायला एखादं जुनं पोतं किंवा मॅट डिकीत टाका. लोकरी हातमोजे दोन मिनिटांत भिजतात आणि मग बोटं चालत नाहीत. आणि चेन लावायची जागा म्हणजे चढाच्या आधीची सपाट कड. चाकं फिरायला लागल्यावर चढाच्या मध्यात लावायला गेलात तर मागे रांग लागते आणि भोंगे वाजायला लागतात.

डिझेल गाडी मिळाली तर आणखी एक. सपाटीवर भरलेलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होऊ शकतं. डोंगरात चढल्यावर तिथल्याच पंपावर टाकी भरा, तिथे थंडीला टिकणारं डिझेल मिळतं. पंपावर डिझेलला 'गाझोलिओ' म्हणतात, पेट्रोलला 'बेन्झिना'. रात्री उघड्यावर गाडी लावताना वायपर उचलून ठेवा, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा. ओला हँडब्रेक गोठून बसला की सकाळी गाडी हलत नाही. काच धुवायच्या टाकीत नुसतं पाणी नको.

घाटाचा तुमचा अनुभव इथे उपयोगी आहे. उतारावर खालचा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून न बसणं, वळणाच्या आधी वेग कमी करणं, हे सगळं तेच. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हेही तेच. वेगळं आहे ते डांबर. आपल्याकडे रस्ता ओला असला की दिसतो. इथे पुलावर, बोगद्याच्या तोंडाशी, डोंगराच्या सावलीतल्या वळणावर दिसत नाही असा काचेसारखा थर असतो, आणि तो पांढऱ्या बर्फापेक्षा वाईट. वळणं घेत दहा किलोमीटर उन्हातला कोरडा रस्ता मिळाला की पाय सैलावतो, आणि अकरावं वळण उत्तरेकडे तोंड करून असतं. गाडीतलं तापमान ३ अंशांवर आलं की त्यापुढे अशा जागा आहेतच असं धरून चाला. घसरलीच तर ब्रेक दाबून धरण्याची ऊर्मी आवरा. पाय उचला, जायचंय तिकडे चाकं वळवा.

दुसरं संकट डोंगरातलं नाहीच, ते मिलान ते वेरोना या सपाटीवरचं आहे. पो नदीच्या खोऱ्यात थंड हवा खाली अडकते आणि दिवसचे दिवस धुकं उठत नाही. पावसा-बर्फात महामार्गावरची मर्यादा १३० वरून ११० होते. दाट धुक्यात फलक सांगेल तशी ५० वर. समोरच्या ट्रकचे लाल दिवे धरून त्याच्या मागोमाग जाणं ही तिथली सर्वांत धोकादायक सवय. गंमत म्हणजे धुकं खाली असतं तेव्हा वर लख्ख ऊन असतं. अशा सकाळी कोमोत असाल तर १८९४ पासून चालू असलेल्या रोप रेल्वेने सात मिनिटांत ब्रुनातेला वर जा. खाली पांढरा समुद्र पसरलेला, पलीकडे आल्प्सची रांग.

गार्द्यावर फार लिहीत नाही. वारेन्नाहून थेट डोंगरातून बोल्झानोला नेणारा रस्ता मोबाईल सुचवेल; त्याऐवजी बेर्गामो, ब्रेशा करत महामार्गाने या, वाटेत गार्दा येतंच. तळं समुद्रसपाटीपासून फक्त ६५ मीटरवर, त्यामुळे डोंगरांच्या कुशीत ऑलिव्ह आणि लिंबं पिकतात. लिमोनेच्या उतारावर लिंबांच्या जुन्या बागांचे दगडी खांब रस्त्यावरूनच दिसतात. थंडीत त्यांवर फळ्या आणि काचा घालून झाडं झाकत. सिर्मिओनेला किल्ला आणि गरम गंधकी पाण्याचे झरे, आई-बाबांच्या गुडघ्यांना बरे. पश्चिम काठाचा १९३१ सालचा बोगद्यांचा रस्ता दिवसा उजेडी करा.

डोलोमाइट्ससाठी बोल्झानो का, तर शहर अवघ्या २६२ मीटरवर आहे, महामार्गालगत आहे, आणि तिथून वर जायला गाडी लागत नाही. केबल कार बारा मिनिटांत १,२२१ मीटरवर, रेनोन पठारावर नेते. तिथे १९०७ सालापासूनची छोटी रेल्वे आहे, दक्षिणेला उघडं पठार आहे, दिवसभर ऊन आहे, आणि समोर शिलियारचा सपाट कडा. अल्पे दी सिउसी हे भलंमोठं कुरण तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ खाजगी गाड्यांना बंदच असतं. खालून केबल कारने जायचं. वर बर्फ दाबून केलेल्या चालायच्या वाटा आहेत, बाबांनाही झेपतील. या भागातली बरीच हॉटेलं पाहुण्यांना स्थानिक बस-रेल्वेचा मोफत पास देतात, आरक्षणापूर्वी विचारा. मग चारातले दोन दिवस गाडी पार्किंगमध्येच राहते, आणि माझ्या मते ती तिथेच शोभते.

ब्राइएसबद्दल स्पष्ट सांगतो. तुमच्या डोक्यातला फोटो हिरव्या पाण्याचा आणि लाकडी होड्यांचा आहे. जानेवारीत तिथे पांढरं मैदान असतं, होड्या आत ठेवलेल्या, आणि दक्षिणेला क्रोदा देल बेक्को उभा असल्यामुळे ऊनही कमी. बर्फावर पाय ठेवू नका. वरून घट्ट दिसतो, प्रवाहाजवळ पातळ असतो. बोल्झानोजवळच्या कारेत्सा तळ्यातल्या प्रतिबिंबाचंही तेच, शिवाय ऑक्टोबर २०१८ च्या 'वाया' वादळात त्याच्या भोवतीचं अरण्य मोठ्या प्रमाणात आडवं झालं आहे. गोठलेलं तळंच बघायचं तर मेरानोवरून रेसियाला जा. १९५० साली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचा चौदाव्या शतकातला घंटामनोरा बर्फातून वर आलेला दिसतो. उन्हाळ्यात त्याच्याकडे काठावरून बघायचं. थंडीत, बर्फ पुरेसा जाड असल्याचं तिथल्या लोकांनी सांगितलं तर, पार पायथ्याशी चालत जाता येतं.

जेवण. वाल्तेल्लिना दरीतले पित्झोक्केरी म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, त्यात कोबी, बटाटा, चीज आणि लसूण घातलेलं लोणी. तुम्ही तिरानोला उतरणारच आहात, तिथे खा. पोलेंता म्हणजे मक्याची घट्ट उकड. मेतकूट नेलंत तर तिच्यावर छान लागतं. पावाचे गोळे, कानेदेर्ली, पालकाचे किंवा चीजचे मागा आणि 'सेंझा स्पेक' म्हणा, नाहीतर आत डुकराचं मांस असतं. खरी अडचण 'ब्रोदो'ची: सूप, रिसोत्तो हे बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात आणि वाढणाऱ्याला ते मांसाहारी वाटतच नाही. दर वेळी विचारा. स्वयंपाकघर दुपारी २ ला बंद होतं, रात्री ७ ला उघडतं, आणि मधे काही मिळत नाही. साजूक तूप, पेढे, खवा घरून आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कोरड्या चटण्या, भडंग चालतील.

घर भाड्याने घेत असाल तर हीटिंग स्वतंत्र आहे का ते विचारा. सामायिक हीटिंग असलेल्या इमारतींत तापमान साधारण २० अंशांपुरतंच आणि ठरावीक तासच असतं, पुण्या-मुंबईच्या हाडांना ते गार लागतं. सगळ्यांच्या बुटांना चढवायचे रबरी खिळेपट्टे घ्या. म्हातारी माणसं डोंगरात पडत नाहीत, हॉटेलच्या पार्किंगमध्ये पडतात.

कागदपत्रं: आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना दोघांनीही काढा, मूळ परवाना बरोबर ठेवा. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्या नावाचं हवं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर लवकर ठरवा. जुन्या शहरांच्या वेशीवर 'झेड टी एल' (परवानगीशिवाय गाड्यांना बंदी असलेला भाग) लिहिलेला फलक आणि वर कॅमेरा असतो. आत शिरलात की दंड, आणि परदेशी माणसाला तो पाठवायला त्यांना ३६० दिवस मिळतात. पुढच्या गणपतीत पत्र आलं तर चकित होऊ नका. हॉटेल आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधीच कळवा. टोल नाक्यावर पिवळी रांग टाळा, ती टॅगवाल्यांची. कोमोजवळच्या काही पट्ट्यांना नाकाच नाही, तिथला टोल १५ दिवसांत ऑनलाइन भरायचा.

तारखा ७ जानेवारीनंतरच्या घ्या. ६ जानेवारीपर्यंत इटलीची सुट्टी असते आणि दर चढलेले असतात. परतीच्या आदल्या रात्री मिलानला पोचायचंच, कारण सकाळच्या धुक्यात बोल्झानोहून निघून विमान गाठायचा हिशोब कोणालाच मांडता येत नाही. गाडी उजेडात परत करा आणि चारही बाजूंचे, चाकांच्या रिमांचे आणि काचेचे फोटो काढून ठेवा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेली खडी काचेवर उडते, आणि चिखलाने माखलेल्या गाडीवरचा ओरखडा तुमचाच, असं म्हणणं सोपं असतं.